‘पोटाचा विकार’ म्हणजे नेमका कोणता?



आपल्या घरांत नोंदींची कमतरता नाही. कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला, आजेसासूबाईंच्या पाटल्या कोणत्या सुनेकडे गेल्या, पंचकल्याणकात कोणी कोणती बोली घेतली, कोणत्या साली कोणी दहा उपवास केले, हे सगळं तोंडपाठ असतं. काही घरांत तर वहीत लिहिलेलंही असतं. पण त्याच घरात ‘आजोबा कशाने गेले?’ असं विचारा. उत्तर येतं, ‘पोटाचा विकार होता.’ कोणता विकार? ‘आतड्याचं काहीतरी.’ वय किती होतं? ‘पन्नाशीत असतील.’ पुढे कोणी बोलत नाही, विषय बदलतो, चहा येतो.

मला आज या ‘काहीतरी’बद्दल लिहायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरात आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला आहे, त्या घरातल्या बाकीच्यांनी काहीही त्रास होत नसताना, ठरलेल्या वयात आतड्याची तपासणी करून घ्यावी. आणि हे होण्यासाठी आधी घरातल्यांनी आजाराचं नाव एकमेकांना स्पष्ट सांगावं. नावच कळलं नाही तर तपासणीला जायचं हे तरी कसं कळणार?

हा आजार मुद्दाम वेगळा काढून सांगण्याचं कारण आहे. बऱ्याच कर्करोगांत ‘लवकर कळला’ म्हणजे लहान असताना कळला एवढाच अर्थ असतो. मोठ्या आतड्याच्या बाबतीत तो होण्याआधीच थांबवता येतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळेच पॉलिप पुढे बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांना कर्करोग व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात. या काळात माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. दुर्बिणीने तपासणी केली, म्हणजे कोलोनोस्कोपी केली, तर तो कोंब दिसतो आणि बहुतेक वेळा त्याच वेळी तारेच्या फासाने काढून टाकता येतो. काढलेला तुकडा तपासायला जातो. पोट उघडावं लागत नाही. दहा वर्षांची मुदत मिळते आणि आपण ती ‘काही होत नाही ना’ म्हणून घालवतो, याचं मला वाईट वाटतं.

आता कोणी जायचं आणि कधी जायचं. साधारण जोखमीच्या लोकांसाठी अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून तपासणी सुचवतात. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना शौचातलं न दिसणारं रक्त तपासण्याचा संच सरकार घरी पोस्टाने पाठवतं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. आपल्या देशात हा आजार तिकडच्या मानाने कमी असल्यामुळे सरसकट सगळ्यांची दुर्बीण तपासणी करा असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण म्हणूनच ज्यांच्या घरात तो आहे त्यांना घरी येऊन कोणी बोलावणार नाही. त्यांनी स्वतःच उठून जायला हवं.

घरातल्या जवळच्या एका माणसाला हा आजार झाला असेल तर इतरांची जोखीम साधारण दुपटीने वाढते. तो माणूस साठीच्या आत आजारी पडला असेल किंवा अशी दोन माणसं असतील तर त्याहून जास्त. अशा घरांसाठी डॉक्टर जो हिशेब सांगतात तो आपल्याला बोटांवर करता येईल. वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा घरातल्या सर्वांत लहान वयाच्या रुग्णाला ज्या वयात आजार निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे आधी येईल ते. वडिलांना ४६ व्या वर्षी निघाला असेल तर मुलांनी ३६ व्या वर्षी जायचं. ५८ व्या वर्षी निघाला असेल तर चाळिसाव्या वर्षी. त्यानंतर साधारण दर पाच वर्षांनी, किंवा पहिल्या तपासणीत काय दिसलं ते पाहून डॉक्टर सांगतील तसं. फक्त शौचाची तपासणी करून ‘रक्त नाही, सुटलो’ म्हणणं अशा घरातल्या लोकांना पुरत नाही, कारण पॉलिपमधून रोज रक्त येतंच असं नाही.

हा हिशेब करायला एक आकडा लागतो, आजार निघाला तेव्हाचं वय. ‘पन्नाशीत असतील’ हे उत्तर इथे चालत नाही.

काही घरांत गोष्ट याहून गंभीर असते. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो असला तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. अशा घरात आतड्याचा कर्करोग तरुणपणी होतो आणि बायकांना गर्भाशयाच्या पिशवीचा आणि अंडाशयाचाही होऊ शकतो. त्यांची तपासणी बहुधा विशी-पंचविशीतच सुरू होते आणि वर्षा-दोन वर्षांनी करावी लागते. दुसऱ्या एका दोषात आतड्यात शेकड्यांनी पॉलिप येतात, तिथे तर मुलं दहा-बारा वर्षांची झाली की लक्ष ठेवावं लागतं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा घरांसाठी अनुवंशिकतेचा वेगळा विभाग आहे, तिथे घराण्याची माहिती विचारून मग रक्ताची तपासणी करायची की नाही ते ठरवतात.

या लिंच सिंड्रोमची सुरुवात कशी झाली ते वाचून मी थक्क झाले. १८९५ सालची गोष्ट. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन हे पॅथॉलॉजीचे डॉक्टर होते. त्यांच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई होती, पॉलीन ग्रॉस. ती त्यांना म्हणाली की आमच्या घरात माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कर्करोगाने तरुणपणीच जातात, मीही तशीच जाणार. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची माहिती त्यांनी गोळा केली आणि १९१३ मध्ये छापली. बाई मात्र म्हणाली तशीच गेली, गर्भाशयाच्या कर्करोगाने. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा माग आयुष्यभर काढला आणि १९९३-९४ च्या सुमारास त्यामागची जनुकं सापडली. सुई-दोरा हातात घेऊन बसणाऱ्या बाईने आपल्या घरातले मृत्यू मोजले, आणि ते मोठ्याने सांगितले. तिच्या हातात तेव्हा काहीच उपाय नव्हता. आपल्या हातात आहे.

आता आपल्या लोकांकडून मी ऐकते ती उत्तरं.

पहिलं उत्तर, ‘आपण शाकाहारी, आपल्याला कशाला होतोय?’ यात थोडं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरतं असं सांगितलं आणि लाल मांसाबद्दलही दाट शक्यता वर्तवली. दारूनेही धोका वाढतो. म्हणजे आपल्या नियमांचा फायदा आपल्याला नक्की मिळतो. पण फायदा मिळतो म्हणजे अभय मिळतं असं नाही. आजोळाहून आलेला दोष आपल्या ताटात काय आहे ते बघत नाही. शिवाय शाकाहाराच्या नावाखाली आपण काय खातो तेही बघू या. मैदा, शेव-फरसाण, बसून राहणं, वाढतं वजन, हे सगळं अहिंसक असेल, आतड्याच्या भल्याचं नाही.

दुसरं उत्तर, ‘मूळव्याध आहे, उष्णता झाली असेल.’ शौचातून रक्त आलं की आपण थंड सब्जा, ताक आणि शेजारणीने सांगितलेली पुडी यांवर महिने काढतो. मूळव्याध असेलही. पण घरात हा आजार होऊन गेला असेल तर रक्त कुठून येतं हे बघितल्याशिवाय मूळव्याध म्हणू नये. तसंच, मोठ्या वयात हिमोग्लोबिन कमी होत असेल, सवय बदलून कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ होत असेल, वजन उतरत असेल, तर वर सांगितलेला वयाचा हिशेब बाजूला ठेवायचा. तो हिशेब त्रास नसलेल्यांसाठी आहे. त्रास असलेल्याने त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.

तिसरं उत्तर, ‘कर्मात असेल ते चुकतं का?’ हे उत्तर देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त स्वयंपाकघरात नेते. असातावेदनीय कर्माचा उदय कधी येईल ते आपल्या हातात नाही, मान्य. पण पुरुषार्थ सोडा असं कोणत्या शास्त्रात सांगितलंय? आपण पाणी गाळून पितो. पाणी स्वच्छ दिसत असतं, तरी गाळतो. पीठ चाळतो, तांदूळ निवडतो, चूल पेटवण्याआधी पुसून घेतो. डोळ्यांना दिसत नाही ते असू शकतं, म्हणून आधी बघायचं, हा यत्नाचार आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे. ‘स्क्रीनिंग’ म्हणजे तरी दुसरं काय, चाळणीच की. पिठाला लावतो ती काळजी स्वतःच्या देहाला लावली तर त्यात धर्माविरुद्ध काय आहे? देह धड असेल तरच व्रतं होतात, हे आपणच सुनांना सांगत असतो.

चौथं उत्तर कोणी तोंडाने देत नाही, पण सगळ्यांत मोठं तेच आहे. ‘बाहेर कळलं तर मुलांची स्थळं मोडतील.’ आपला समाज लहान. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, फार तर पुणे-मुंबई, इकडचं तिकडे कळायला एक लग्न पुरतं. त्यामुळे भीती खोटी नाही. पण लपवायचं कोणापासून हे तरी ठरवू या. बायोडेटावर आजोबांचा आजार छापा असं मी म्हणत नाही. गावाला सांगा असंही नाही. ज्यांच्या अंगात तेच रक्त आहे त्यांच्यापासून लपवू नका, एवढंच म्हणते. सख्ख्या भावाला, लग्न होऊन गेलेल्या बहिणीला, आपल्या मुलांना. आणि लग्न होऊन गेलेल्या मुली या बाबतीत हमखास राहून जातात. वडिलांचं ऑपरेशन झालं हे तिला कळतं, गाठ कशाची होती ते कळत नाही, ‘तिला कशाला टेन्शन’ म्हणून. सासरच्या डॉक्टरांना ती सासरचा इतिहास सांगते. तिच्या अंगात मात्र माहेरचा इतिहास असतो.

परदेशात असलेल्या मुलांचंही तेच. तिकडे डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलं की फॉर्मवर विचारतात, जवळच्या नातलगांत आतड्याचा कर्करोग कोणाला होता का, कोणत्या वयात? मूल रात्री फोन करतं, ‘आई, आजोबांना काय झालं होतं?’ आणि आपण म्हणतो, ‘पोटाचा विकार. तू जेवलास का?’ मग तो फॉर्मवर ‘नाही’ लिहितो, आणि ३६ व्या वर्षी व्हायची तपासणी ४५ पर्यंत लांबते.

माझ्या माहेरी एका चुलतभावाने हे वेगळं केलं. त्याचं हळदीचं अडत दुकान. ५२ व्या वर्षी त्याला हा आजार निघाला. ऑपरेशनच्या आधी त्याने सगळ्या भावंडांना बोलावून रिपोर्ट समोर ठेवला आणि सांगितलं, तुम्ही सगळे दाखवून या. त्याच्या बहिणीला काहीच त्रास नव्हता, वय ४७. कुरकुरत गेली. दोन पॉलिप निघाले, तिथेच काढले. तिसऱ्या दिवशी ती पापड लाटत होती. भावाचं मात्र पुढे सहा महिने औषधपाणी चाललं. एकाच घरातली दोन माणसं, एकाला त्रास सुरू झाल्यावर कळलं, दुसरीला आधी. यापेक्षा जास्त मी काय सांगू?

तपासणीला लोक घाबरतात ते तिच्या तयारीला, म्हणून आपल्या नियमांत ती कशी बसवायची ते लिहिते. दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी असलेलं जेवण, म्हणजे मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दही-ताक, पांढरा ब्रेड चालत असेल तर तो. पालेभाजी, बिया, तीळ, पेरू, टोमॅटो बंद. इसबगोल आणि लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवायला सांगतात. आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसेल असं. शहाळ्याचं पाणी, लिंबूसरबत गाळून, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. परदेशी सूचनांत ‘जेली’ लिहिलेली असते, तिच्यात बहुधा जिलेटिन असतं, ती आपल्याला नको आणि तिची गरजही नाही. पोट साफ करण्याची पावडर साधारण दोन लिटर पाण्यात दोन भागांत घ्यायची असते. ते पाणी उकळून, गाळून, गार केलेलं चालतं.

अडचण येते ती सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांची. तपासणी सकाळी आठला ठेवली तर दुसरा भाग पहाटे अंधारात घ्यावा लागतो. म्हणून वेळ घेतानाच सांगायचं, मला दुपारची द्या. मग पहिला भाग आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत आणि दुसरा सकाळी सूर्योदयानंतर बसवता येतो. वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्यायच्या, कारण तपासणीच्या काही तास आधी पाणीही बंद करावं लागतं. दुपारची वेळ मिळतच नसेल तर काय सवलत घ्यायची ते ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारावं, पण तपासणी रद्द करू नये. दशलक्षणात किंवा अष्टाह्निकेत ठेवू नका म्हणजे ओढाताण होत नाही. मात्र ‘चातुर्मास संपू दे, मग लग्नसराई होऊ दे’ असं करत वर्ष घालवायचं नाही.

मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी यांबद्दल आधी सांगायलाच हवं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तपासणीला अर्धा तास, कधी जास्त लागतो. गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून बरोबर माणूस न्यायचं, त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही आणि चेकवर सहीही करायची नाही. धोका अगदीच नाही असं नाही. क्वचित रक्तस्राव होतो, त्याहून क्वचित आतड्याला छिद्र पडतं, तेही साधारण हजारात एकापेक्षा कमी. तो धोका आहे म्हणूनच मी सरसकट सगळ्यांना जा म्हणत नाही, ज्यांच्या घरात आजार आहे त्यांना म्हणते.

राहिला पैशाचा प्रश्न. मी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण घरची खतावणी चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. तपासणीचा खर्च अंगावर येतो हे खरं. तो पाच वर्षांत एकदा येतो. ऑपरेशन, केमो आणि मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च ज्या घराने केलाय त्यांना विचारा, ते गणित मला मांडावं लागणार नाही. लग्नात एक वाणा कमी ठेवला तर दोन भावंडांची तपासणी होते. आयकराच्या जुन्या पद्धतीत आरोग्य विम्याच्या वजावटीच्या मर्यादेतच प्रतिबंधक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत सोय आहे, त्याची पावती जपून ठेवावी.

शेवटी एक काम सांगते. दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या लाडू-पूजेनंतर, नवी वही उघडतो तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा. नातं, आजार कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात निघाला, पॉलिप काढले होते का. दोन्हीकडचं लिहा, माहेरचं आणि सासरचं, कारण मुलांना दोन्हीकडून येतं. गर्भाशयाचा आणि अंडाशयाचा कर्करोग असेल तर तोही लिहा. काका, आत्या, मामा, मावशी यांचंही लिहा, डॉक्टरांना घराण्याचं चित्र त्यातूनच दिसतं. जुनी फाईल माळ्यावर असेल तर काढा, बायोप्सीचा कागद फेकू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, तिला आठवत असतं, तिला कोणी विचारलेलं नसतं.

भाऊबीजेला बहिणी येतात. ओवाळून झालं की त्या पानाचा फोटो प्रत्येकीच्या मोबाईलवर पाठवा, आणि ज्याचं वय हिशेबात बसतं त्याच्यासाठी तिथल्या तिथे फोन लावून दुपारची वेळ घ्या.